ठेका माणसाचा, माप यंत्राचं

गणपतीला दीड-दोन महिने उरले की मुंबईतल्या लहान-मोठ्या स्टुडिओंत तारखा मिळेनाशा होतात. आगमनाची गाणी, कोळीगीतं, भजनं, हळदीची गाणी अशी सगळी कामं एकदम निघतात. यांतल्या बहुतेक गाण्यांचा जीव तालवाद्यांत असतो आणि वादही तिथेच उभा राहतो. ढोलकी, ताशा, ढोल, संबळ किंवा ड्रमसेट खऱ्या वादकाकडून वाजवून घेतला, तर त्याची लय संगणकाच्या समान अंतरावरच्या रेघांवर किती बसवायची? काही संयोजक प्रत्येक थाप सरळ करून घेतात. काही जण वादकाने दिलेलं जसंच्या तसं ठेवतात. बाकीच्यांचं काम या दोन टोकांच्या मधे, घाईने आणि सवयीने उरकलं जातं.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न जितका जिव्हाळ्याचा आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल. धोबीतलावच्या आसपास गोवेकर आणि पारशी वादकांनी पाश्चात्त्य ड्रम वाजवले. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगारांनी लावणीची ढोलकी ऐकली. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने डफाच्या तालावर कामगारवस्त्या जागवल्या. १८९३ पासून गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसतो. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लेझीम, ब्रास बँड, बँजो पार्टी, नाशिक ढोल आणि पुणेरी ढोल-ताशा पथकं या रस्त्यांवरून गेली. दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी वाद्यांची जुनी पेढी आहे, तर धोबीतलावला १८६५ पासूनची फुर्टाडो. वाद्य घडतं, वाजतं आणि ध्वनिमुद्रित होतं ते सगळं काही किलोमीटरांच्या आत.

एका टेकचा काळ

परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर उभारलं. ध्वनिमुद्रक मंगेश देसाई यांचं नाव या वास्तूशी कायमचं जोडलं गेलं. महालक्ष्मीच्या फेमसमध्ये मिनू कात्रक होते. ताडदेवचं फिल्म सेंटर आणि दादरची बॉम्बे लॅब याही ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या जागा. तिथे व्हायोलिनवाल्यांपासून ढोलकवाल्यापर्यंत सगळे एकाच वेळी वाजवत आणि गायकही त्याच वेळी गात असे. एकाची चूक झाली की टेक सगळ्यांचा जाई. लय सांभाळायला कानात टकटक नव्हती. संयोजकाचा हात, ताल विभागाचा म्होरक्या आणि तासन्‌तास केलेल्या तालमी, एवढ्यावर लय उभी राहत असे.

म्हणूनच ताल विभाग सांभाळणाऱ्या माणसाला मान होता. गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांच्याकडे ही जबाबदारी पाहत. त्यांची ढोलकाची ठेवण ‘दत्ताराम ठेका’ म्हणून आजही ओळखली जाते. कावस लॉर्ड यांनी लॅटिन अमेरिकी तालवाद्यं इथल्या वाद्यवृंदात रुळवली आणि केरसी व बर्जोर या त्यांच्या मुलांनी तो वारसा पुढे नेला. राहुलदेव बर्मन यांच्या ताल विभागात मारुतीराव कीर, होमी मुल्लन, अमृतराव काटकर, रणजित गजमेर आणि ड्रमर फ्रँको वाझ अशी नाना घरांतली माणसं एकत्र आली.

त्या काळातली गाणी आज संगणकात टाकून मोजली तर अनेकांची लय शेवटच्या अंतऱ्यापर्यंत किंचित चढलेली दिसते. ऐकताना ते कुणाला खटकत नाही, कारण सगळा वाद्यमेळ एकत्र चढलेला असतो. आजच्या कामात पाळावा असा पहिला धडा इथेच मिळतो. लय पळण्यापेक्षा वादकांची लय एकमेकांपासून सुटणं कानाला फार लवकर कळतं.

क्लिक कुठून आली

कानात ठोका ऐकवून वाजवून घेण्याची पद्धत अमेरिकी चित्रपटसृष्टीत १९२०च्या दशकाच्या अखेरीस आली, ती पडद्यावरच्या हालचालीशी संगीत जुळवण्यासाठी. मुंबईत तिची गरज अनेक ट्रॅकच्या टेपने निर्माण केली. १९८०च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातलं बिद्दू यांचं गाणं लंडनला २४ ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झालं. फोर्टातल्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओंमुळे हे तंत्र मुंबईतही मुरलं. आता ढोलकी सोमवारी, व्हायोलिन बुधवारी आणि गायक पुढच्या आठवड्यात अशी कामाची विभागणी शक्य झाली. समोरासमोर नसलेल्या या माणसांना बांधणारा एकच धागा उरला, तो म्हणजे क्लिक.

पाठोपाठ यंत्रंच वाजवू लागली. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ साली रोलँडच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांचा अल्बम केला. त्याची थोरवी जगाला जवळपास तीन दशकांनंतर कळली. १९८३ मध्ये मिडीचं प्रमाण ठरलं आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९८५ मध्ये रोलँडने आठ चौकोनांचं ऑक्टापॅड आणलं. पुढे त्याचे वंशज लालबाग-परळच्या बँजो पार्टीत इतके रुळले की ऑक्टापॅडवाल्याशिवाय पार्टी उभी राहीना. १९९१ मध्ये प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात बीट डिटेक्टिव्ह ही सोय आली आणि वाजवून झालेला ताल नंतर हवा तिथे सरकवता येऊ लागला. आज क्यूबेस, लॉजिक, रीपर, एबलटन लाइव्ह अशा सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे काम होतं.

क्लिकला सरसकट नावं ठेवणं चुकीचं आहे. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. एक वाद्यमेळ अमेरिकेत आणि दुसरा महाराष्ट्रात असेल, तर दोघांना समान माप लागणारच. नृत्यासाठी, चित्रीकरणासाठी, पुढे रिमिक्स होणाऱ्या गाण्यासाठीही ते लागतं.

चूक होण्याआधीची चूक

लय दुरुस्त करायला बसण्यापूर्वी ती बिघडली कुठे, हे पाहायला हवं. अनेकदा दोष वादकाच्या हातात नसतो.

पहिला संशयित म्हणजे संगणकाचा उशीर. ४८,००० नमुने प्रतिसेकंद या दराने काम करताना बफर १,०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एका दिशेलाच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. १२८चा ठेवला तर पावणेतीन. ढोलकीवाल्याला स्वतःची थाप हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येते, म्हणून तो नकळत पुढे वाजवू लागतो. मग संयोजक म्हणतो, ‘‘दादा, लय पळतेय.’’ बफर कमी करावा, किंवा वादकाचा आवाज संगणकात न फिरवता थेट त्याच्या कानात द्यावा. इतक्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची. ढोलकीच्या दोन्ही तोंडांना समोरासमोर माइक लावले की शाईच्या बाजूला थाप पडताच तिथलं पान आपल्या माइकपासून दूर जातं, तर दुसरं पान त्याच क्षणी दुसऱ्या माइककडे सरकतं. दोन्ही लहरी उलट्या पडतात आणि खर्ज पोकळ होतो. मिक्सरवर एका माइकची ध्रुवता उलटवली की आवाज भरतो. ड्रमसेटवर स्नेअरला वर-खाली माइक लावतात तेव्हाही हेच करावं लागतं. शिवाय आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे वरून टांगलेले ओव्हरहेड माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर तिचा आवाज मधोमध न राहता एका अंगाला कलतो.

तिसरी गोष्ट मुंबईची हवा. गणपतीची गाणी ऐन पावसाळ्यात होतात. कातडी पान दमट हवेत सैल पडतं, एसीखाली पुन्हा ताणतं. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक स्वरात जुळत नाहीत. मग दोन्हींतले चांगले तुकडे जोडून एक टेक करायचा बेत फसतो आणि खापर पुन्हा वादकावर फुटतं. दर टेकआधी स्वर तपासला, तर पुढचे दोन तास वाचतात.

चौथी गोष्ट क्लिकचा आवाज. टोकदार टकटक ऐकून लोकवाद्याचा हात आखडतो. आपल्याकडे याला फार जुना उपाय आहे. एकल तबलावादनात सारंगी किंवा पेटीवर लेहरा धरतात. सम कुठे आहे हे तो सुरांतून सांगतो आणि मोजणीचा भार वादकाच्या डोक्यावरून उतरवतो. रेकॉर्डिंगमध्येही टकटकीऐवजी लेहरा, मंजिरीचा ठेका किंवा तबल्याचा साधा केरवा कानात दिला की तोच वादक मोकळा वाजवतो. हेडफोन मात्र बंद कपाचा हवा. नाहीतर क्लिक माइकमध्ये झिरपते आणि गाण्याच्या शांत जागी उघडी पडते.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं

सॉफ्टवेअर ध्वनीच्या आलेखात प्रत्येक आघाताचा उभा कडा शोधतं, तिथे काप देतं आणि तुकडा जवळच्या रेघेवर सरकवतं. मधे पडलेली फट आधीच्या तुकड्याची शेपटी ओढून भरली जाते. किती सरकवायचं हे टक्क्यांत ठरवता येतं. ५० टक्के म्हटलं की चुकीचं अंतर निम्मं होतं. दुसरी रीत कापण्याऐवजी ताणण्याची. लॉजिकमधला फ्लेक्स टाइम किंवा प्रो टूल्समधला इलॅस्टिक ऑडिओ ध्वनी लांबवतो किंवा आखडतो.

ड्रमसेटवर आठ-दहा माइक असतात आणि प्रत्येक माइकमध्ये सगळ्याच ड्रमचा आवाज कमी-जास्त शिरतो. म्हणून सगळे ट्रॅक एकत्र बांधूनच कापावे लागतात. नुसती किक सरकवली, तर ओव्हरहेडमधली तिची सावली जुन्याच जागी राहते आणि एका ठोक्याचे दोन होतात. दोन आघातांत साधारण २०-३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की कान ते वेगळे ऐकू लागतो.

सुटे, टोकदार आघात हे या तंत्राचं बलस्थान. आपल्या वाद्यांतल्या अनेक गोष्टी मात्र तशा नाहीत. खर्जावर तळवा घासत काढलेल्या घिश्श्याला आघाताचा कडाच नसतो. ताशाच्या तर्रीत इतके बारीक ठोके सलग येतात की कोणता ठोका कोणत्या रेघेचा, हे संगणकाला ठरवता येत नाही. ढोलकीच्या शाईची आस मधेच कापली तर गुंजन तुटतं, ताणली तर धातूसारखा चरचरीत आवाज येतो. अशा जागी यंत्रावर भरवसा न ठेवता तेवढं आवर्तन पुन्हा वाजवून घेणंच बरं.

झोल : जिथे रेघा हरतात

खरा प्रश्न झोलचा आहे. वादक ‘केरव्याला झोल हवा’ म्हणतात तेव्हा आघातांची ठरावीक असमान वाटणी त्यांच्या मनात असते. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरू. एका ठोक्याला ६०० मिलिसेकंद मिळतात. त्याचे दोन सरळ भाग केले तर दुसरा आघात ३००वर येईल. तीन भाग करून तिसऱ्यावर वाजवला तर ४००वर. झोल असलेल्या ठेक्यात तो या दोहोंच्या मधे पडतो, कुणाचा ३४०च्या आसपास तर कुणाचा ३७०च्या. भजनी ठेक्याचं डोलणं आणि लावणीच्या ढोलकीचा लचकता तोरा याच अंतरात राहतात.

आता हा टेक सॉफ्टवेअरला द्या. ठोक्याचे चार भाग करणारी जाळी असेल तर ३५०वरचा आघात ३००वर येतो आणि ठेका ताठ होतो. तीन भागांची असेल तर तो ४००वर जातो आणि ठेका घोड्यासारखा दुडकू लागतो. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर असून गाण्याला चुकीची ठरतात. आजची बरीचशी लोकगीतं ऐकायला एकसारखी का वाटतात, याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

रेघेबाहेरचे असे चढउतार म्हणजे चूक नव्हे, या समजुतीला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकी ड्रमर जेफ पोरकारो यांनी १९८२च्या एका लोकप्रिय गाण्यात वाजवलेल्या हाय-हॅटचं विश्लेषण २०१५ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांच्या वेळेतले बारीक चढउतार विस्कळीत निघाले नाहीत. आत्ताच्या चढउताराचं पुढच्या कितीतरी ठोक्यांशी नातं असल्याचं त्यात दिसलं. त्याआधी २०११च्या एका अभ्यासात श्रोत्यांनी नुसत्या यादृच्छिक चुका मिसळलेल्या तालापेक्षा असं दूरचं नातं असलेला ताल पसंत केला होता. सॉफ्टवेअरमधलं ‘ह्यूमनाइझ’ बटण बहुधा यादृच्छिक चुका मिसळतं. आधी ठेका सरळ करून मग त्या बटणाने माणूसपण परत येत नाही.

पथक : रस्त्यावरचं गणित

ढोल-ताशा पथकाचा प्रश्न याहून वेगळा. पुढे ताशे आणि मागे ढोलांच्या रांगा असं ५० मीटर लांबीचं पथक धरलं, तर ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सुमारे १४६ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत हा जवळपास पाव ठोका झाला. मागचे वादक केवळ कानावर विसंबले तर पथक फुटेल. म्हणून म्होरक्याचा वर गेलेला हात, शिट्टी आणि हवेत उठणारं ढोलाचं टिपरू पाहून लय धरली जाते. पथकाचा पहिला हात, दुसरा हात अशी बांधणी पाठ करून घेतात, तीही याचसाठी.

पथकाच्या मधे माइक ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण मग रेघांवर बसवायचं कसं? कुठल्या ढोलाला प्रमाण मानायचं? त्यावर उपाय म्हणून काही जण स्टुडिओत दोन-तीन ढोल आणून थरावर थर वाजवून घेतात आणि प्रत्येक थर एकाच रेघेवर आणतात. त्याचा परिणाम उलटा होतो. पन्नास ढोलांचा भव्यपणा त्यांच्या किंचित मागेपुढे पडण्यातून येतो. सगळे आघात एका क्षणावर आणले की एकच ढोल मोठ्याने वाजल्यासारखा ऐकू येतो. पथक मोकळ्या मैदानात, दोन माइकांची जोडी लांब ठेवून आणि एखाद-दोन माइक ताशाजवळ ठेवून घ्यावं, आणि आतल्या वेळांना हात लावू नये.

रोजी आणि हक्क

तंत्राची चर्चा वादकाच्या पोटापाशी येऊन थांबली नाही तर ती अपुरी राहील. एका दिवसाच्या मानधनात वाजवून घेतलेली चार आवर्तनं कापून लूप होतात आणि पुढे कितीही गाण्यांत वापरली जाऊ शकतात. वादकाला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलावंतांच्या व्याख्येत वादकही येतात आणि २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरावरच्या रॉयल्टीचा हक्क त्यांच्यापर्यंत आणला. तो कागदावरून हातात यायचा तर नाव, तारीख आणि वापराची अट लिहून घेण्याची शिस्त लहान स्टुडिओंतही यायला हवी.

मग करावं काय

इतकं सगळं पाहिल्यावर माझं मत स्पष्ट आहे. सॉफ्टवेअरने लय मोजावी, ती वादकाने ठरवावी. हे प्रत्यक्षात आणणं अवघड नाही.

लोकवाद्यावर उभं असलेलं गाणं असेल तर आधी ढोलकी आणि गायक एकत्र, क्लिकशिवाय किंवा लेहऱ्यावर घ्यावेत. मग सॉफ्टवेअरला त्या टेकमधली प्रत्येक सम दाखवून टेम्पो मॅप करून घ्यावा. रेघा वादकाच्या हातावर आखल्या गेल्या की कीबोर्ड, बेस आणि कोरस त्या वाकलेल्या रेघांवर सहज बसतात. ही सोय आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, वापरली मात्र कमी जाते.

दुरुस्ती करायचीच तर क्रम पाळावा. आधी नवा टेक घ्यावा. तो शक्य नसेल तर दुसऱ्या टेकमधलं पूर्ण आवर्तन आणून जोडावं. त्यानेही भागलं नाही तर आवर्तनाची सम सरकवावी आणि आतली ठेवण तशीच ठेवावी. एकेक थाप उचलणं हा शेवटचा इलाज. झोल हवा असेल, तर चांगल्या वादकाच्या टेकमधूनच त्याचा साचा काढून बाकीच्या वाद्यांना लावावा. एखादी जागा चुकली आहे की नाही हे पडदा बंद करून कानाने ठरवावं. डोळ्याला रेघेबाहेर दिसलेली प्रत्येक थाप चूक नसते.

शेवटी एक विनंती गिरगावापासून लालबागेपर्यंतच्या मंडळांना आणि स्टुडिओवाल्यांना. लावणीच्या फडावर, कलापथकात, जुन्या बँजो पार्टीत हात घडलेली माणसं आता थकली आहेत. वर्गणीतला एक छोटा हिस्सा बाजूला काढा. त्यांना एका दुपारी स्टुडिओत बोलवा, क्लिक बंद ठेवा, हवं तेवढा वेळ वाजवू द्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेतलेले मूळ ट्रॅक कोणतीही दुरुस्ती न करता दोन ठिकाणी जपून ठेवा आणि त्यावर वादकाचं पूर्ण नाव लिहा. उद्या सॉफ्टवेअर कितीही शहाणं झालं, तरी त्याला ठेका शिकवायला हेच हात लागतील.